मिश्र वर्णपटांचे पृथक्करण : कसोटी आणि तिचे प्रमाण-उत्तर

१

अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यात, गोल्डफील्ड या जुन्या खाणगावाच्या दक्षिणेस, क्युप्राइट नावाचा एक उजाड टापू आहे. उष्ण जलद्रवांच्या क्रियेने येथील खडकांत बदल घडून आले आणि ॲल्युनाइट, केओलिनाइट, मस्कोव्हाइट, कॅल्सेडोनी, बडिंग्टनाइट इत्यादी खनिजे पृष्ठभागावर उघडी पडली. वनस्पतींचे आच्छादन विरळ असल्यामुळे ती आकाशातूनही ओळखता येतात. १९९० नंतरच्या दशकात नासाच्या ‘एव्हिरिस’ या उपकरणाने सुमारे २० किलोमीटर उंचीवरील विमानातून या टापूच्या प्रतिमा घेतल्या. त्यांतील २५० × १९० पिक्सेलांचा एक तुकडा आज मिश्र वर्णपटांच्या पृथक्करणाचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या संशोधकांच्या नित्य परिचयाचा झाला आहे. पृथक्करणाची नवी रीत सुचविणारा निबंध लिहिला जावा आणि त्यात क्युप्राइटचा उल्लेख नसावा, असे फारसे घडत नाही.

या तुकड्याच्या जोडीला जॅस्पर रिज, सॅमसन आणि अर्बन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या आणखी तीन प्रतिमा सर्वत्र वापरल्या जातात. नवी रीत या तीन-चार प्रतिमांवर चालवावयाची, मिळालेले उत्तर आधीपासून ठरलेल्या प्रमाण-उत्तराशी ताडून पाहावयाचे आणि दोषाचा आकडा मागील निबंधापेक्षा कमी आला म्हणजे प्रगती झाली असे समजावयाचे, ही आता एक रूढी होऊन बसली आहे. या रूढीतून पुष्कळ चांगले गणित निर्माण झाले, हे नाकारता येणार नाही. परंतु ज्या प्रमाण-उत्तराशी ही तुलना होते ते उत्तर कोठून आले, हा प्रश्न जितक्या आवर्जून विचारला जावयास हवा होता तितका विचारला गेलेला नाही. त्या प्रश्नाचा पाठपुरावा केला असता असे दिसून येते की, बहुतेक ठिकाणी परीक्षार्थ्याचे गृहीतक आणि परीक्षकाचे गृहीतक एकच आहे. या एकरूपतेमुळे कसोटीचा अर्थ कसा बदलतो, त्याची येथे छाननी करावयाची आहे.

२

प्रथम मूळ प्रश्न थोडक्यात मांडणे इष्ट होईल. एव्हिरिसच्या प्रतिमेत एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा सुमारे २० मीटर लांब व तितकाच रुंद असा, म्हणजे ४०० चौरस मीटरांचा तुकडा. त्या तुकड्यातून येणारा प्रकाश ०.४ ते २.५ मायक्रोमीटर या तरंगलांबीच्या पल्ल्यात २२४ पट्ट्यांत विभागून मोजलेला असतो. क्युप्राइटच्या बाबतीत बाष्पाच्या शोषणाने निकामी झालेले आणि इतर सदोष पट्टे गाळून बहुधा १८८ पट्टे शिल्लक ठेवतात. निसर्गात ४०० चौरस मीटर जमीन एकाच पदार्थाची असण्याचा योग क्वचितच येतो. तेव्हा मिळालेला वर्णपट हा अनेक पदार्थांच्या वर्णपटांचा संकर असतो. त्यातून मूळ पदार्थ कोणते, आणि प्रत्येकाचा वाटा किती, हे शोधून काढणे यालाच पृथक्करण म्हणतात.

या प्रश्नाचे सर्वांत सोपे प्रतिमान रेषीय होय. पिक्सेलमध्ये पदार्थ बुद्धिबळाच्या पटावरील घरांप्रमाणे शेजारी शेजारी मांडलेले आहेत आणि प्रकाशाचा प्रत्येक किरण एकाच घरावर आदळून परत येतो, असे मानले की पिक्सेलचा वर्णपट हा घटकांच्या वर्णपटांची भारित सरासरी ठरतो, आणि भार म्हणजे ज्याने त्याने व्यापलेल्या क्षेत्राचा वाटा. वाटा ऋण असू शकत नाही आणि सर्व वाट्यांची बेरीज १ झाली पाहिजे, या दोन अटी त्यातूनच निघतात. जॉन ॲडम्स, मिल्टन स्मिथ आणि पॉल जॉन्सन यांनी १९८६ साली मंगळावरील व्हायकिंग १ यानाच्या परिसराचे विश्लेषण याच प्रतिमानाच्या आधारे केले. त्यांच्या मांडणीत छायेला स्वतंत्र घटकाचे स्थान होते, प्रयोगशाळेतील वर्णपटांशी पडताळणी होती, आणि गणित जुळले नाही तर तो अभ्यासकाला काही शिकविणारा पुरावा मानला जात होता. प्रतिमान हे तेथे पदार्थाविषयी प्रश्न विचारण्याचे साधन होते.

पुढील काळात या प्रश्नाला भूमितीचे सुबक रूप मिळाले. रेषीय मिश्रणाचे सर्व वर्णपट एका सिंप्लेक्सच्या, म्हणजे त्रिकोणाच्या बहुमितीय भाऊबंदाच्या, पोटात सामावतात आणि शुद्ध घटक त्याच्या शिरोबिंदूंवर असतात. तेव्हा शिरोबिंदू शोधले की घटक सापडले. जोसेफ बोर्डमन यांची शुद्ध-पिक्सेल-निर्देशांकाची रीत, मायकेल विंटर यांची १९९९ सालची एन-फाइंडर, नासिमेंतो व बियुकास-दियास यांची २००५ सालची शिरोबिंदू-विश्लेषणाची रीत या सर्व याच कल्पनेच्या शाखा होत. शुद्ध पिक्सेल प्रतिमेत नसेल तर बिंदूंना वेढणारा लहानात लहान सिंप्लेक्स शोधावा, ही मॉरिस क्रेग यांची १९९४ सालची सूचना. ऋणेतर आव्यूह-विघटन, वर्णपट-संग्रहातून मोजकेच घटक निवडणाऱ्या विरल प्रतिगमनाच्या रीती, आणि गेल्या दशकातील चेताजाळ्यांवर आधारलेल्या रीती यांनी ही परंपरा पुढे नेली. साधने बदलत गेली तरी मुळातील गृहीतक बहुसंख्य ठिकाणी तेच राहिले.

३

गणितातील शेष शून्य झाला म्हणजे उत्तर बरोबर आले, असा समज विद्यार्थ्यांत आढळतो, आणि अनेक निबंधांतील कोष्टके त्याला अप्रत्यक्षपणे खतपाणी घालतात. एका लहान उदाहरणाने त्यातील धोका स्पष्ट होईल.

समजा, ‘क’ आणि ‘ख’ असे दोन पदार्थ आहेत. तीन तरंगलांबींवर ‘क’ची परावर्तकता अनुक्रमे ०.६०, ०.४० व ०.५० आणि ‘ख’ची ०.२०, ०.४० व ०.१० आहे. प्रतिमेतील कोणताही पिक्सेल शुद्ध नाही. ‘क’चा वाटा कमीत कमी २० टक्के आणि जास्तीत जास्त ८० टक्के आहे. शुद्ध पिक्सेल असतोच असे धरून चालणारी रीत या प्रतिमेतील दोन टोके उचलील. ती टोके म्हणजे ०.५२, ०.४०, ०.४२ आणि ०.२८, ०.४०, ०.१८. आता ज्या पिक्सेलमध्ये ‘क’चा खरा वाटा ६५ टक्के आहे तो घ्यावा. त्याचा वर्णपट ०.४६, ०.४०, ०.३६ असा येतो. हाच वर्णपट त्या दोन टोकांपासून ७५ व २५ टक्के या प्रमाणात तंतोतंत तयार होतो. म्हणजे शेष शून्य आणि वाट्यातील चूक १० टक्क्यांची! प्रतिमेतील एकही आकडा या चुकीची चाहूल देणार नाही, कारण दोन्ही उत्तरे त्या आकड्यांना सारखीच अनुरूप आहेत.

लहानात लहान सिंप्लेक्स निवडण्याची युक्ती या संदिग्धतेवर काही परिस्थितींत उपाय ठरते, परंतु ती चालण्यासाठी पिक्सेलांनी सिंप्लेक्सच्या भिंतींना पुरेसे भिडलेले असावे लागते. प्रस्तुत उदाहरणात ते भिडलेले नाहीत; म्हणून क्रेग यांची रीतही येथे तेच चुकीचे उत्तर देईल. निष्कर्ष इतकाच की, पृथक्करणाचे उत्तर बरोबर आहे की नाही हे प्रतिमेच्या आतून ठरविता येत नाही. त्यासाठी प्रतिमेच्या बाहेरचा साक्षीदार लागतो. प्रमाण-उत्तराचे महत्त्व येथे येते, आणि त्याच्या उगमाचा प्रश्नही येथेच उभा राहतो.

४

जॅस्पर रिजच्या १०० × १०० पिक्सेलांच्या तुकड्यात झाडे, पाणी, माती आणि रस्ता असे चार घटक मानले जातात. अर्बन या प्रतिमेत डांबरी पृष्ठभाग, गवत, झाडे आणि छपरे. प्रत्येक पिक्सेलमध्ये प्रत्येक घटकाचा वाटा किती, याचे नकाशे या प्रतिमांसोबत उपलब्ध आहेत, आणि इंग्रजीत त्यांना ‘ग्राउंड ट्रुथ’, म्हणजे ‘जमिनीवरील सत्य’, असे नाव आहे. या नावावरून कोणाचाही समज असा होईल की कोणीतरी त्या जागी जाऊन, मोजपट्टी धरून, ही मापे घेतली असावीत. वस्तुस्थिती तशी नाही. घटकांचे वर्णपट त्या प्रतिमेतूनच तज्ज्ञांच्या नजरेने निवडलेले आहेत. आणि ते निश्चित झाल्यावर प्रत्येक पिक्सेलमधील वाटे रेषीय प्रतिमान, ऋणेतरतेची अट आणि बेरीज १ असण्याची अट यांच्या आधारे लघुतम वर्गांच्या रीतीने सोडवून काढलेले आहेत. हे नकाशे सिद्ध करणाऱ्यांनी ही रीत लपविलेली नाही. ती त्यांनी सविस्तर सांगितली आहे. दोष असेल तर तो नंतरच्या वाचकांचा. नावातील ‘सत्य’ त्यांनी उचलले आणि रीत सांगणारा परिच्छेद वाचावयाचा सोडून दिला.

याचा परिणाम कसा होतो ते पाहावे. एखाद्या पिक्सेलमध्ये झाडाच्या पानांतून पाझरलेला प्रकाश खालच्या मातीवर पडून पुन्हा पानांतून वर आला असेल, तर तेथील मिश्रण रेषीय नाही. रेषीय रीतीने काढलेले प्रमाण-उत्तर तेथे चुकलेले असणार. आता दोन नव्या रीती या पिक्सेलवर चालविल्या. एकीने ही दुहेरी ये-जा हिशेबात घेऊन खरे उत्तर दिले; दुसरीने रेषीय हिशेब करून प्रमाण-उत्तराशी जुळणारे उत्तर दिले. कोष्टकात पहिली हरेल आणि दुसरी जिंकेल. ज्या कसोटीत बरोबर उत्तराला शिक्षा आणि ठराविक चुकीला बक्षीस मिळते, तिला पदार्थांच्या ज्ञानाची कसोटी म्हणणे कठीण आहे.

क्युप्राइटची स्थिती थोडी निराळी, पण अधिक समाधानकारक मुळीच नाही. तेथे अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने प्रत्यक्ष क्षेत्रात जाऊन, नमुने गोळा करून, क्ष-किरण विवर्तनासारख्या साधनांनी त्यांची पारख करून खनिजांचे नकाशे सिद्ध केले आहेत. रॉजर क्लार्क व सहकाऱ्यांनी २००३ साली वर्णिलेली टेट्राकॉर्डर ही पद्धती आणि ग्रेग स्वेझ व सहकाऱ्यांचा २०१४ सालचा क्युप्राइटवरील प्रबंध हे या कामाचे टप्पे होत. हे काम फार मोलाचे आहे. परंतु टेट्राकॉर्डर ही पद्धती शोषणपट्ट्यांच्या आकारावरून पिक्सेलमध्ये वर्णपटदृष्ट्या प्रबळ असलेले खनिज ओळखते. कोणत्या खनिजाने किती टक्के क्षेत्र व्यापले, याचा दावा ती करीत नाही. अशा ओळख-नकाशाशेजारी वाट्यांचा नकाशा ठेवून दोन्ही ‘सारखे दिसतात’ असे लिहिणे म्हणजे जनगणनेच्या कोष्टकाची तुलना मतदारसंघातील विजयी उमेदवारांच्या यादीशी करण्यासारखे आहे. दोन्ही याद्या खऱ्या असू शकतात. पण एकीवरून दुसरीचा दोष मोजता येत नाही.

म्हणून क्युप्राइटच्या बाबतीत वाट्यांचा हिशेब बहुधा सोडून दिला जातो, आणि काढलेल्या घटकाचा वर्णपट संग्रहातील वर्णपटाशी किती जुळतो एवढेच सांगितले जाते. येथे आणखी एक अडचण आहे. काढलेला घटक कोणत्या खनिजाचा, हे बहुधा संग्रहातील सर्वांत जवळचा वर्णपट शोधून ठरविले जाते, आणि नंतर त्याच वर्णपटापासूनचे अंतर दोष म्हणून नोंदले जाते. संग्रहात केओलिनाइटचे अनेक नमुने असतात. त्यांतील जो जवळचा तो घेतला जातो. विद्यार्थ्याचे उत्तर पाहून मग प्रश्न निवडावा, तसा हा प्रकार आहे. घटकांची संख्याही कोठे ९, कोठे १२, कोठे १४ धरलेली आढळते. एवढी मोकळीक असताना दोषाच्या आकड्यातील तिसऱ्या दशांश स्थळावरून दोन रीतींची श्रेष्ठ-कनिष्ठता ठरविणे धाडसाचे होय.

अंतर मोजण्याच्या मापाविषयीही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. रूढ माप म्हणजे दोन वर्णपट-सदिशांमधील कोन. या मापाला उजळपणाचे भान नाही. वरील उदाहरणातील ‘क’ऐवजी कोणी ०.३०, ०.२०, ०.२५ असा निम्म्या तेजाचा वर्णपट काढला, तरी कोन शून्यच येईल. प्रदीपन व उतार यांचा परिणाम टाळण्यासाठी हा गुण उपयोगी आहे. परंतु वाट्यांचा हिशेब नेमका उजळपणावर अवलंबून असतो. तेव्हा घटकांचा कोन लहान आला, यावरून त्यांच्या आधारे काढलेले वाटे विश्वसनीय ठरतात, असा निष्कर्ष निघत नाही.

५

यावर असे म्हटले जाईल की, रेषीय प्रतिमानातील त्रुटी लहानसहान आहे आणि व्यवहारात ती दुर्लक्षणीय ठरते. पट्टीपट्टीने पेरलेले शेत, छपरे आणि रस्ते, बर्फ आणि खडक यांच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु जेथे कण कणात मिसळलेला असतो, म्हणजे माती, वाळू, खनिजांची भुकटी, चंद्रावरील धूळ, तेथे त्रुटी लहान राहत नाही. प्रकाश एका कणावरून दुसऱ्यावर अनेकदा आदळत बाहेर येतो, आणि वाटेतील एखादा काळा कण त्याला गिळून टाकतो.

किती गिळतो, याचा अंदाज कुबेल्का व मुंक यांच्या १९३१ सालच्या साध्या सूत्राने करता येतो. समजा, पांढऱ्या भुकटीची परावर्तकता ०.८० आणि काळ्या भुकटीची ०.०५ आहे, आणि दोघींची प्रकीर्णनक्षमता सारखी आहे. शोषण आणि प्रकीर्णन यांचे गुणोत्तर पांढरीसाठी ०.०२५ आणि काळीसाठी ९.०२५ येते. नव्वद भाग पांढरी आणि दहा भाग काळी मिसळली की मिश्रणाचे गुणोत्तर ०.९२५ होते, आणि त्यावरून परावर्तकता सुमारे ०.२८ निघते. रेषीय सरासरीने ती ०.७२५ यावयास हवी होती. उलट दिशेने गेले, म्हणजे ०.२८ हा आकडा रेषीय रीतीला दिला, तर ती काळ्या भुकटीचा वाटा सुमारे ६९ टक्के असल्याचे सांगेल. खरा वाटा १० टक्के! आणि दोन्ही अटी, ऋणेतरता व बेरीज १, निमूटपणे पाळल्या गेलेल्या असतील.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. नॅश व कॉनेल यांनी १९७४ साली हायपरस्थीन, लॅब्रडोराइट आणि अपारदर्शक इल्मेनाइट यांच्या भुकट्या मिसळून हा परिणाम दाखवून दिला होता. ब्रूस हॅपके यांनी १९८१ पासून विकसित केलेला परावर्तनाचा सिद्धांत, आणि मस्टर्ड व पीटर्स यांनी त्याच्या आधारे ज्ञात वजनाच्या मिश्रणांवर केलेले प्रयोग, यांनी त्यावर उपायाची दिशाही दाखविली. परावर्तकतेऐवजी कणाच्या एकेरी प्रकीर्णनाचे प्रमाण घेतले की मिश्रण पुन्हा बरेचसे रेषीय होते. मात्र त्यासाठी कणांचे आकारमान आणि घनता यांची माहिती लागते. म्हणजे पृथक्करणाचा प्रश्न येथे प्रतिमेतून बाहेर पडून प्रयोगशाळेच्या दारात येतो.

ही गोष्ट भारतीय अभ्यासकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. २००८ साली प्रक्षेपित झालेल्या चंद्रयान-१ वर नासाचे ‘मून मिनरॉलॉजी मॅपर’ हे उपकरण होते, आणि त्याच्याच निरीक्षणांतून २००९ साली चंद्राच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल व पाण्याच्या खुणा प्रसिद्ध झाल्या. चंद्राची माती म्हणजे कणाकणांच्या मिश्रणाचे ठळक उदाहरण होय. २०१५-१६ मध्ये एव्हिरिसच्या नव्या आवृत्तीची भारतात उड्डाणे झाली, आणि २९ नोव्हेंबर २०१८ रोजी भारताचा स्वतःचा हायसिस हा उपग्रह अवकाशात गेला. दख्खनच्या पठारावरील काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइटच्या कुळातील चिकणखनिजे विपुल असतात, आणि ती माती नावाप्रमाणेच गडद असते. क्लार्क यांनी १९८३ साली मॉन्टमोरिलोनाइटमध्ये काळ्या कार्बनचे कण मिसळून केलेल्या प्रयोगांत, थोड्याशा कार्बननेही परावर्तकता व शोषणपट्टे कसे दबून जातात ते दिसून आले होते. काळ्या मातीचा गडदपणा निव्वळ कार्बनचा नव्हे, आणि ओलावाही त्यात भर घालतो; परंतु धडा तोच आहे. अशा मातीतील चिकणखनिजाचे प्रमाण रेषीय रीतीने काढून त्यावर जमिनीच्या गुणांचा नकाशा बेतणाऱ्याला क्युप्राइटवरील किंवा जॅस्पर रिजवरील उत्तम गुण कोणतेही संरक्षण देऊ शकत नाहीत.

अरेषीय रीती सुचविणारे साहित्यही आता विपुल आहे, हे खरे. परंतु तेथेही तीच खोड शिरली आहे. द्विरेषीय सूत्राने संगणकावर प्रतिमा तयार करावयाची आणि मग द्विरेषीय रीतीने ती सोडवून दाखवावयाची, यातून त्या रीतीची अंकगणितातील सफाई सिद्ध होते; निसर्ग त्या सूत्राने चालतो, हे सिद्ध होत नाही. गृहीतक बदलले, पण परीक्षक आणि परीक्षार्थी यांचे नाते बदलले नाही.

६

रूढ कसोट्यांच्या बाजूने एक युक्तिवाद न्यायबुद्धीने विचारात घेतला पाहिजे. सर्वांनी एकाच प्रतिमेवर काम केले, तर ती प्रतिमा सदोष असली तरी निदान परस्परतुलना शक्य होते. प्रत्येकाने आपापली प्रतिमा घेतली तर तीही होणार नाही. हा युक्तिवाद निराधार नाही. एखादी रीत किती वेगाने चालते, व्यत्ययाने किती डळमळते, आरंभबिंदू बदलल्यास तिचे उत्तर किती पालटते, हे सर्व या प्रतिमांवर उत्तम प्रकारे पारखता येते. तेवढ्यासाठी त्या वापराव्यात. आक्षेप आहे तो त्या तुलनेतून ‘अचूकता’ हा शब्द काढून पदार्थांना चिकटविण्यास.

खरी बाह्य कसोटी अशक्य आहे, असेही नाही. जर्मन अवकाश केंद्राच्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या एका संचाचा येथे उल्लेख करावयास हवा. ओबरफाफेनहोफेन येथील एका हिरवळीच्या मैदानावर त्यांनी डांबराचे, रंगविलेल्या पत्र्याचे आणि निरनिराळ्या रंगांच्या कापडांचे चौकोनी तुकडे अंथरले. तुकड्यांची मापे आधीच ठरलेली. काही पिक्सेलपेक्षा मोठे, काही त्याहून कितीतरी लहान. त्यानंतर वरून विमान गेले. येथे प्रत्येक पदार्थाने व्यापलेले क्षेत्र कोणत्याही प्रतिमानाच्या साहाय्याविना, मोजपट्टीने ठाऊक आहे. सपाट तुकड्यांची मांडणी असल्याने ही कसोटी क्षेत्रीय मिश्रणापुरतीच आहे आणि मातीच्या भुकटीविषयी ती काही सांगणार नाही; पण जे सांगते ते स्वतःच्या अधिकाराने सांगते. कणमिश्रणासाठी वजन करून सिद्ध केलेली प्रयोगशाळेतील मिश्रणे, आणि क्षेत्रातील खनिजांसाठी पिक्सेलच्या आकाराशी सुसंगत रीतीने गोळा केलेले व क्ष-किरण विवर्तनाने तपासलेले नमुने, या दोन कसोट्याही आवाक्यातील आहेत. त्यांना खर्च लागतो, पायपीट लागते आणि वेळ लागतो, यामुळेच त्या मागे पडतात.

या विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष पदव्युत्तर प्रबंधांच्या संदर्भात मांडता येईल. पृथक्करणावरील प्रबंधाने तीन गोष्टी आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक मानले जावे. पहिली : ज्या दृश्याचा अभ्यास केला त्यातील मिश्रण शेजारी शेजारी मांडलेल्या तुकड्यांचे आहे की कणाकणांचे, आणि हे कशावरून ठरविले. दुसरी : काढलेले वाटे क्षेत्राचे आहेत, आकारमानाचे की वजनाचे, कारण टक्केवारीचे चिन्ह तिन्हींना सारखेच लागते आणि तिन्हींचे उत्तर वेगळे असते. तिसरी : ज्या उत्तराशी तुलना केली ते कोणी, कशाच्या साहाय्याने काढले, आणि त्यात प्रबंधातील रीतीचेच गृहीतक आहे काय. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर कोष्टकाच्या शीर्षकात ‘अचूकता’ऐवजी ‘रेषीय उत्तराशी जुळणी’ असे लिहावे. शब्द थोडे रुक्ष आहेत, पण ते खरे आहेत.

चाळीस वर्षांपूर्वी रेषीय प्रतिमान वापरणाऱ्यांनी शेषाकडे एखादा न ओळखलेला पदार्थ दडलेला असेल या आशेने पाहिले. आज त्याच शेषाकडे दोषाचा आकडा म्हणून पाहिले जाते आणि तो लहान झाला की समाधान मानले जाते. यांपैकी पहिली दृष्टी शास्त्राला अधिक उपकारक होती. ती परत मिळविण्यासाठी नवे गणित लागणार नाही. क्युप्राइटचा तुकडा पुन्हा एकदा उघडताना त्याच्यासोबत आलेली उत्तरपत्रिका बाजूला ठेवणे आणि जेथे हात पोचतो अशा जमिनीवरचा एक मूठभर नमुना प्रयोगशाळेत नेणे, एवढे पुरेसे होईल.